एक अक्षर

सोसायटीच्या गोदामात, खताच्या पोत्यांवर बसून
आम्ही ऐकलं. धारवाडच्या हिरेमठ मॅडम
आधी कन्नडमध्ये बोलल्या, मग आमच्यासाठी
अडखळत मराठीत:
बाहेरचं काहीच घातलेलं नाही,
भाताच्या आतलं एकच अक्षर बदललंय.

मागून ओमाण्णा म्हणाला,
"बेळगावच्या पाटीचं पण असंच झालं की."
हसलो सगळे. मॅडमही, जरा उशिरा.

सातेरी म्हणाला, करपा येत नसंल तर मी पेरतो,
पाटीचं काय, बस थांबतीया तिथंच.
त्याचा पोरगा फोनवर शोधत होता
कुठल्या देशात बंदी आहे.
कुणी विचारलं, पुढच्या साली घरचं बी चालंल?
मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

भरमाक्कानं मूठभर तांदूळ मागितला,
तळहातावर रगडला, नाकाशी नेला.
येळ्ळूरचा बासमती शिजला की
तिसऱ्या गल्लीला कळतं
कुणाकडं पाहुणे आलेत.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग पदराच्या टोकाला दाणे बांधत:
"शिजवून बघते.
किती पाणी मागतंय
ते तरी कळू दे."