रेप्पू बंद करताना

ठराव मंजूर झाला, एक्केचाळीस विरुद्ध सहा.
तिघं तटस्थ. त्यातला एक, नंतर कळलं,
मत द्यायचं बटण शोधत राहिला होता.

रेप्पू म्हणजे इथल्या फिनिशमध्ये पाठीवरची पिशवी.
आमच्या लहानशा प्रोग्रॅमिंग भाषेची सगळी शिदोरी
चोवीस वर्षं त्याच पिशवीतून घरोघर गेली.
शिवण उसवलेली. आत कोण काय भरतंय, कुणी बघायचं नाही.
कुणीही यावं, ओळखीच्या नावाचं पॅकेज ठेवून जावं.
कुलूप नाही, सही नाही,
आज जे आलं तेच उद्या येईल याचा भरवसा नाही.
मार्चमध्ये कुणीतरी तसं ठेवून गेलं,
दोन दिवसांत एकोणीसशे यंत्रांवर उतरलं.

मग मी केल्क्का लिहिली. बर्फावरून ओढायची गाडी.
चौदा महिने, नोकरीवरून आल्यावर,
मोजे हीटरवर वाळत टाकून.
दर पॅकेजवर शिक्का, दर आवृत्तीची नोंद,
कोण कुणावर अवलंबून, सगळं उजेडात.
अभिमान आहे मला. खोटं कशाला बोलू?

जुना कोड वाचताना एक ओळ अडली होती:
प्रत्येक पॅकेज उतरल्यावर
फोन ठेव, तीन सेकंद थांब, पुन्हा लाव.
फोनचा भाग केव्हाच मेलेला. थांबणं तेवढं चालू.
का, कुणालाच ठाऊक नाही.
कुणी म्हणे सर्व्हरला दम खायला,
इंकेरी म्हणे, तेवढ्यात पश्चात्ताप करता यावा म्हणून.
काढायला कुणी धजलं नव्हतं.
न कळणाऱ्या ओळीला हात लावायचा नाही, हा आमचा सोवळेपणा.

म्हणून उर्होकडे गेले. उर्हो लेस्केला,
तुइरामध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
कागद गिरणीत यंत्रं राखायचा,
रेप्पू त्यानं रात्रपाळीत लिहिला.
त्यानं कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव पुढे सरकवला,
स्वतः कड खाल्ली.

"गिरणीत एकच फोनलाइन," तो म्हणाला.
"मोडेम ती धरून बसायचा.
एक पॅकेज उतरलं की मी तीन सेकंद लाइन सोडायचो.
आइली दवाखान्यात होती. तेवढ्यात घंटा वाजली तर वाजावी."

मग?

"मग ब्रॉडबँड आलं," उर्हो म्हणाला,
आणि कॉफी हवी का विचारलं.

चोवीस वर्षं. रीगात, लिमात, कुठल्याशा बँकेच्या तळघरात
माणसं चरफडत थांबली
एका दवाखान्याच्या फोनसाठी.
एकूण किती तास, मी मनात मांडायला गेले.
मध्येच सोडलं.

खाली बघत विचारलं, त्या सहांतले एक तुम्ही?
"मी? मी हो म्हटलं.
केव्हापासून वाट बघतोय, कुणीतरी हे पाठीवरून उतरवावं.
तुम्ही सगळे मला जपत बसलात."

तीन हजार एकशे बारा पॅकेजेस नव्या घरी गेली.
एकच राहिलं: नदीची पातळी मोजणारं,
उत्तरेत उत्स्योकीला एका केंद्रात अजून रोज चालतं.
लिहिणारा वेइक्को वारला, परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर.
सहीशिवाय केल्क्का काहीच उचलत नाही.
तो नियम माझाच.
उर्हो म्हणाला, माझ्या नावावर टाक.
नदीतलं मला काही कळत नाही. पण सही येते.

गुरुवारी रात्री रेप्पूनं गाशा गुंडाळला.
शेवटची मागणी कुठल्यातरी निर्मनुष्य यंत्राची होती.
तिला उर्होचं जुनं उत्तर गेलं:
"सापडलं नाही. खिसे तपासा."
केल्क्कात हे वाक्य नाही.
तिथे कारण येतं, ओळीच्या क्रमांकासकट.

शुक्रवारी सकाळी पहिली तक्रार आली.
नाव: लेस्केला, उ.
"तुझी गाडी माझ्या यंत्रावर चढत नाही.
यंत्र जुनं आहे, मला माहीत आहे. तरी."

बघतेय. अजून सापडलेलं नाही.