गुडघ्याएवढा वाफा

लाइट बिलाच्या पाठीवर मी वाफा काढला.
लांबी आठ पावलं. माझी, प्रशीकची नव्हेत,
त्याचं पाऊल घाईचं, उगाच लांब पडतं.
रुंदी इतकीच, की अलीकडून हात घातला
तर मधलं रोप बोटाला लागावं,
आणि पलीकडून घातला तरी तेच.
उंची गुडघ्याएवढी.

"एवढा उंच काहून वं माय?
मिरची का खाटेवर झोपते?"
म्हटलं, काळ्या मातीले तू वळखत नाही अजून.
श्रावणात ती पाणी धरून बसते, सोडत नाही,
मुळ्या कुजतात, झाड उभ्यानं मान टाकते.
अन् उन्हाळ्यात अशी भेगाळते
का मागच्या साली माहा पितळी चमचा गेला एका भेगेत,
तो अजून वर आला नाही.

हे मातीचं कारण.
गुडघ्याचं कारण मी सांगितलं नाही.

बावीस हंगाम सातऱ्यावर बसले मी, भिवापूरला.
समोर लाल ढीग, तोंडाला पदर.
एक मिरची उचलायची, देठ मोडायचा, टाकायची.
दुसरी उचलायची.
पैसे किलोवर, खोकला फुकट.
संध्याकाळी पुस्तकला आणि मी
हात ताकात बुडवून बसायचो ओट्यावर,
आणि आत प्रशीक रडला
तर मी त्याच्या बापाला हाक मारायची:
तुमी घ्या त्याले, माहे हात पेटले आहेत.

नवतपा लागल्यापासून सावली मोजते आहे.
सकाळी आठला भिंतीची. चुन्याची रेघ.
बाराला काहीच नाही,
मी स्वतः उभी राहून पाहिलं,
माझी सगळी सावली माझ्या चपलेखाली.
साडेतीनला निंबाची सावली सरकत येते
आणि नेमकी दोन पावलं अलीकडे थांबते.
कोंबड्यांनी रेघा पुसल्या. पुन्हा ओढल्या.

मिरचीला ऊन पाहिजेच,
पण आमचं चारचं ऊन तिरपं येतं, डूख धरल्यासारखं,
आणि फुलं गळतात, आवाज न करता.
त्या दोन पावलांसाठी चार बांबू, हिरवी जाळी.
पुढे कडेची तूर वाढली की जाळी काढायची.

घरकुलातून उरलेल्या विटा तीनशे.
मनिराम गवंडी म्हणतो, सिमेंट लावू, पक्कं होईल.
नको म्हटलं. फटींतून पाणी जाऊ दे.
तळाला पऱ्हाट्या मोडून,
त्यावर बोडीचा गाळ, दोन वर्षं मुरलेलं शेणखत,
राख चुलीतली, ती मोजून मापून.
वर धानाचं तणस वीतभर, म्हणजे मातीचं डोकं तापणार नाही.
मधोमध दोन मडकी, गळ्यापर्यंत पुरलेली.
पुस्तकलानं टाकून दिली होती ती,
झिरपतात म्हणून.
मला झिरपणारीच पाहिजे होती.

रोपं दोन ओळींत, नऊ आणि नऊ.
एका कोपऱ्यावर मी फुली मारली आहे,
तिथे काही लावायचं नाही. तिथे मी बसणार,
विटेवर, पाय खाली सोडून,
न वाकता.

सून म्हणाली, आई, अठरा झाडांच्या मिरच्या
आपण तिघं किती खाऊ? उरल्या तर द्यायच्या का सातऱ्यावर?
मी म्हटलं, उरतील त्या छतावर वाळवू.
तिनं विचारलं, देठं कोण खुडील?
मी बिलावरची रेघ जरा जाड केली.
कोणीच नाही, म्हटलं.
देठासकट वाळतील, देठासकट बरणीत जातील,
भाजीत पडल्या तर देठ धरून बाजूला काढू.

बिल भरायची शेवटची तारीख उद्या आहे.
काउंटरवरचा पोरगा शिक्का मारताना कागद उलटून पाहील,
आठ पावलं, नऊ आणि नऊ, एक फुली.
पाहू दे.
परत मात्र मागून घ्यायला पाहिजे.