मधली पाच मिनिटं

डोनाडीच्या धक्क्यावरून रात्री दहाला निघालो.
जुलैत इथं अंधार उशिरा येतो
आणि पाहुण्यासारखा लवकर उठून जातो.
डर्व्हला खडकावर उभी होती,
अंगभर लोकरीची चरबी चोपडलेली.
भाऊ म्हणाला, मामाच्या मेंढवाड्याचा वास येतोय तुला.
ती हसली. तो पहिला फोटो.
हललाय, पण ठेवलाय.

एरवी मी शाळांचे फोटो काढतो.
तीस मुलं, तीन रांगा,
एकाचे डोळे हमखास मिटलेले.
इथं एकच बाई,
आणि पलीकडच्या स्कॉटलंडपर्यंत
नुसतं थंड पाणी.

मलाकीनं इंजिन सुरू करताना दोन गोष्टी बजावल्या.
फ्लॅश मारायचा नाही, तिची रात्र फुटते.
आणि तिला शिवायचं नाही.
कुणी बोट लावलं, तिनं होडीला बोट लावलं,
की संपलं.
बारा मिनिटं झालेली असोत की बारा तास.
मला शिवाशिवी आठवली.
त्या खेळात निदान पळता येतं.

अंधारात ती नव्हतीच.
टोपीच्या मागं एक हिरवा दिवा होता, काजव्याएवढा,
जायचा, यायचा,
जायचा,
आणि मी श्वास धरून बसायचो तोवर यायचा.
त्या ठिपक्याचे चारशे फोटो आहेत माझ्याकडे.
कुणाला दाखवले तर म्हणतील, बरं, पुढे?

दर अर्ध्या तासानं दोरीला बाटली बांधून सोडायची.
आत कोमट पेज.
ती उताणी होऊन प्यायची, बाटली सोडून द्यायची,
मलाकी दोरी ओढून घ्यायचा,
आटलेल्या विहिरीतून पोहरा यावा तशी.

उजाडलं तेव्हा तांबड्या आयाळीचे जेलीफिश दिसले,
केवढे तरी, सावकाश.
ती त्यांच्यामधून गेली. दुसरी वाट नव्हती.
तिचा ओठ सुजला, गाल सुजला, मान.
आणि मी, खरं सांगतो,
प्रकाश सुंदर होता म्हणून
अ‍ॅपर्चर बदलत होतो.
लांब लेन्समधून दुखणं फार नीटनेटकं दिसतं.

मिसेस एलविन वहीत हात मोजत होत्या.
मिनिटाला बासष्ट.
अठ्ठावन्न.
न्याहारीच्या सुमारास एकोणपन्नास.
मग बराच वेळ त्यांनी लिहिलंच नाही,
पेन्सिल नुसती तासत राहिल्या.

समोर दीपगृह दिसत होतं, त्याची खिडकीसुद्धा.
भरतीनं तिला जागच्या जागी धरलं होतं.
ती पोहत होती आणि खिडकी मोठी होत नव्हती.
जमिनीवरचा माणूस थकला की हात टेकतो.
समुद्रात हात टेकायलाही काही नसतं.

दहा सत्तेचाळीसचा फोटो आहे:
तिचा पंजा पाण्याबाहेर, बोटं विस्कटलेली.
दहा बावन्नचा आहे:
घोंगडी, भाऊ, दोन पांढरी पावलं.
मधे काही नाही.

नोव्हेंबरात ती टपाल द्यायला स्टुडिओत आली,
तिची बीट हीच आहे.
पडद्यावर सगळे पाहिले, उभ्यानंच.
ठिपक्यांपाशी जरा जास्त थांबली.
मग विचारलं, मधली पाच मिनिटं?
बॅटरी, मी म्हणालो.

मिसेस एलविनच्या वहीत आहे,
दहा एकोणपन्नास, स्पर्श.
कुणाचा हात आधी गेला
यासाठी त्या वहीत रकाना नाही.
कॅमेरा माझ्या गळ्यात होता, हात मोकळे होते,
आणि ती बुडाली असती की नसती
हे मला अजून रात्री ठरवता येत नाही.
फोटो असता तर ठरलं असतं.

ती आपल्या तळव्याकडे बघत होती.
मेमध्ये नाव घातलंय परत, म्हणाली.
येशील?
मी मान हलवली.
दारात वळून म्हणाली,
या वेळी कॅमेरा दोन्ही हातांनी धर.

पिशवी खांद्यावर टाकून ती गेली.
टेबलावर माझं विजेचं बिल राहिलं,
आणि एक पाकीट, शेजाऱ्याचं,
चुकून.