आवक-जावक

प्रभू, एकतीस वर्षं मी साक्रीच्या कचेरीत काढली,
निवृत्त झालो तो अव्वल कारकून म्हणून.
अर्ज कसा लिहावा हे मला कुणी शिकवू नये.
विषय, संदर्भ, महोदय,
आणि तळाशी, आपला विश्वासू.

प्रार्थनाही मी तशाच केल्या.
गुडघे टेकायच्या आधीच निकाल तयार असायचा माझ्याकडे,
टंकलेला, टाचणी लावलेला.
तुझ्याकडून हवी असायची ती फक्त सही.
थोरलीचं लग्न, पिंपळनेरचा प्लॉट,
मंडळीचा खजिनदार कोण, आणि कोण मुळीच नाही,
सगळ्यावर तुझी सही मीच ओळखून घेतली.
गंमत म्हणजे ती माझ्या सहीसारखीच दिसायची.

या खेपेला ठराव होता आंबेपाड्याचा.
एसटी बंद, माणसं अकरा, वर्गणी नसल्यातच जमा,
पाळक एकच, त्यांचाही गुडघा दुखतो.
सबब बुधवारची उपासना बंद करावी,
इच्छुकांनी रविवारी गावात यावं.
पंचमंडळात हात वर झाले. मी म्हटलं, प्रार्थना करू या.
केली. दोन मिनिटं.
मग मीच निघालो सांगायला. असल्या गोष्टी
तोंडावर सांगाव्यात, एवढी सभ्यता आहे माझ्यात.

फटफटी नाल्याशी लावली. पलीकडे सागाचं रान,
पानं गळलेली, वाट पानांखाली.
दिवस मावळला तो एकदम, कुणी फाइल मिटावी तसा.
मोबाइल केव्हाच मेलेला.
माहीत असलेल्या वाटेवर मी तिसऱ्यांदा
त्याच वारुळाशी आलो.

तेव्हा बकऱ्यांमागून तो पोरगा. हनोख चौरे, इयत्ता चौथी.
"मांगे मांगे या, बाबा."
किती लांब? "माले काय ठाऊक."
कुठून नेतोस? गप्प.
नुसता पुढे चालायचा, आणि मध्येच,
"आठे दगड शे."
"आठे उतार शे."
"थांबा, एक बकरी मांगे ऱ्हायनी."
आणि आम्ही थांबलो. अंधारात, एका बकरीसाठी,
मी, ठरावासकट.

सगळी वाट एकदम सांगितली असती त्यानं
तर मी तीत दुरुस्त्या सुचवल्या असत्या.
त्यानं दिली ती पावलापुरती.
वाकून चालावं लागलं, ते फांद्या होत्या म्हणून;
नम्रता वगैरे नंतर सुचलेला शब्द आहे.

पाड्यावर कंदील होता. अकरा नव्हते, सातच होते.
रिबकाबाईनं गोणपाट झटकून जागा दिली,
म्हणाली, करा ना प्रार्थना.
'हे पित्या'च्या पुढे मला विषयच सुचेना.
खिशात कागद कुरकुरला.
बराच वेळ कुणी बोललं नाही,
आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही.
त्यांना सवय असावी, ऐकायची.
बाहेर हनोख बकऱ्या मोजत होता,
एका आकड्याला अडून, पुन्हा पहिल्यापासून.

ठराव मी वाचला नाही. फाडलाही नाही,
कारकून कागद फाडत नसतो.
तो अजून पिशवीत आहे, आणि मला खरंच कळत नाही
पुढच्या बैठकीत काय बोलायचं.
कदाचित बंदच कर म्हणशील तू.
तेही लिहून घेईन.

कारण एक सापडलं, फार उशिरा:
तुझ्या-माझ्यातली जावक नोंदवही
काठोकाठ भरलेली, तारीखवार,
आणि आवक कोरी.
कोरी म्हणजे, मी ती उघडलीच नव्हती.

काल बाजारातून एक वही आणली, वीस रुपयांची.
पहिल्या पानावर एवढंच आहे:
आठे दगड शे.
सवयीनं खाली 'आपला विश्वासू' लिहायला हात गेला,
आणि थांबला.
ते तुझ्याकडून यावं.