शेवटचा हप्ता

प्रेअरी व्ह्यू अपार्टमेंट्स म्हणतात आमच्या इमारतीला.
व्ह्यू म्हणाल तर धान्यकोठाराची पाठ,
एक रूळ, ज्याला गाडी विसरून गेली,
आणि त्यापलीकडे मात्र खरंच
नजर थकेपर्यंत गवत.

बारा घरं. मी पहिल्यात राहते,
भाड्याऐवजी किल्ल्या सांभाळते,
जानेवारीत नळ गोठले की हेअर ड्रायर घेऊन
सिंकखाली पालथी पडते,
आणि वर्षातून एकदा प्रत्येकाच्या टेबलापाशी बसून
मिळकत विचारते.

अजून लाज वाटते विचारताना.
आर्लिस टॉर्गर्सनने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
अख्खं गाव तिच्या आरशात मोठं झालं,
आणि तिला मी विचारायचं : अंडी विकतेस का? किती डझन?
भाच्याने वाढदिवसाला पाठवलेले पन्नास
दरवर्षी पाठवतो, की यंदाच?
ती चष्मा पुसते आणि खरं ते सांगते.
फॉर्म तिच्या पेन्शनचे दहा वाटे करतो,
तीन वाटे भाडं.
उरलेल्या सातांत औषधं, मांजर,
रविवारी चर्चच्या थाळीत दोन डॉलर.
बाकीचं भाडं सरकार भरतं.
चेहरा नाही पाहिला कधी त्याचा,
पाच तारखेला आकडा येतो, एवढंच.

सात नंबरात डेलफिना. वृद्धाश्रमात रात्रपाळी.
ती झोपायला येते तेव्हा मुलं शाळेला निघतात,
दारात तिघांची गाठ पडते,
तेवढ्यात ती धाकट्याच्या जाकिटाची चेन
हनुवटीपर्यंत ओढून घेते.
दोन नंबरात गिल्बर्ट, त्याचं ऑक्सिजनचं यंत्र
रात्रभर माझ्या भिंतीत घरघरतं.
ते थांबलं तर मला जाग येईल.

हे सगळं उभं आहे एका कर्जावर.
तेहतीस वर्षांपूर्वी मालकाने सरकारकडून घेतलेलं,
बोली अशी, की कर्ज आहे तोवर भाडं स्वस्त
आणि वरची भर सरकारची.
फिटलं, की इमारत मोकळी.
'मोकळी' हा पत्रातलाच शब्द.

कर्ज फिटलं की माणूस सुटतो,
हेच ऐकत आले जन्मभर.
इथे कर्ज फिटलं
की बारा घरं सुटणार. हातातून.

डाल्के वाईट माणूस नाही.
दोन्ही गुडघे बदललेत, मुलगा डेन्व्हरला,
विकून टाकायचंय म्हणतो, आणि का नाही विकावं?
शेवटच्या चेकवर सही करून त्याने माझ्या हाती दिला,
सोबत डोनटचा खोका. बरोब्बर बारा.
घरटी एक, म्हणाला.

व्हाउचर मिळतील म्हणे सगळ्यांना.
मी गावातली रिकामी घरं मोजली :
एकाला छप्पर नाही,
दुसऱ्यात रकूनचं बिऱ्हाड, तेही फुकट.
त्यानंतरचं रिकामं घर सत्तर मैलांवर.

मुदत एकतीस मार्चची.
पोस्ट माझ्या दारापासून तीन मिनिटं, चारला बंद होतं.
पाकीट मी पावाच्या डब्यात ठेवलं
आणि जिना झाडला. मग वॉशिंग मशीनमधली नाणी मोजली.
मग पुन्हा जिना.
घड्याळाकडे पाहिलं नाही असं म्हणणार नाही.

एक एप्रिलला टाकलं.
उशिराचा दंड सतरा डॉलर,
तो माझ्या पर्समधून.
त्याने काही बदलत नाही, मला कळतं.
पण बारा घरांचं एका दिवसाचं भाडं
एवढं स्वस्त
सरकारलाही कधी पडलं नसेल.

परत आले तर आर्लिस खिडकीशी.
दह्याच्या रिकाम्या कपांतून टोमॅटोची रोपं,
बोटाएवढीसुद्धा नाहीत अजून.
बाहेर कधी लावू, म्हणाली,
दरवर्षी तुलाच विचारते.

मे संपू दे, म्हटलं मी.
डोनट खाल्लास का?