मॉरीनची नव्वद मिनिटं

टेगन विचारते, कानामागची पेन्सिल काढत:
मुळांना रंग, किती वेळ?
मी सांगते, लावायला वीस, मुरायला पस्तीस,
पांढरे हट्टी असतील तर पंचेचाळीस,
धुणं-वाळवणं धरून दीड तास.
ती वहीत लिहून घेते.
पोरगी चांगली आहे. पाढ्यासारखं पाठ करते.

जनीनच्या स्क्रीनवर मात्र सगळ्याच रंगांना
एकच निळा चौकोन. नव्वद मिनिटं.
चौकोनाला चौकोन चिकटलेला,
मध्ये चहाला जागा नाही, लघवीला नाही,
रस्त्यापलीकडच्या बंद गिरणीच्या चिमणीकडे
नुसतं बघत उभं राहायला तर नाहीच.

आणि मंगळवारी, सव्वादहाच्या चौकोनात, मॉरीन साइक्स.
वय एकाहत्तर. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली.
केस काळे कुळकुळीत, दुकानातल्या डबीचे,
दर सहा आठवड्यांनी थरावर थर,
घराच्या भिंतीला देतात तसे.
कोट न काढताच म्हणाली,
"मला माझे पांढरे परत पाहिजेत."

टेगनने वही उघडली. किती वेळ?

रंग चढवायचा वेळ कागदावर मांडता येतो, बाई.
उतरवायचा वेळ केसालाच विचारावा लागतो,
आणि केस एका दमात खरं बोलत नाही.
आधी विटकरी होतो, मग गाजरासारखा,
मग हळदीच्या बोटासारखा पिवळा,
आणि तिथे धीर सुटला
तर हातात तुटून येतो.

माझे वडील इचलकरंजीत सूत रंगवायचे.
मालक घड्याळ बघायचा, वडील पाणी बघायचे.
एकदा घाईने काढलेला लॉट
पहिल्याच धुण्यात गेला.
त्याचे पैसे वडिलांच्या पगारातून कापले,
मालकाच्या घड्याळातून नाही.

हे मी टेगनला सांगितलं नाही. हात भरलेले होते.

केसांची बट, फॉइल, घडी. बट, फॉइल, घडी.
दर दहा मिनिटांनी एक पुडी उघडायची,
बोटाने पुसून बघायची, मिटायची.
साडेअकराचं गिऱ्हाईक मासिक चाळून चाळून
उठून गेलं.
जनीन दोनदा येऊन उभी राहिली,
दुसऱ्यांदा नुसताच श्वास सोडून गेली.
मॉरीनने झग्याखाली हॅम सँडविच खाल्लं,
थोडी घोरली, जागी झाली, आणि मध्येच सांगू लागली,
एकदा डोंगरावरच्या रस्त्यावर बर्फ पडला,
बसमध्ये अकरा पोरं.
इंजिन चालू ठेवून तीन तास बसून राहिलो,
मीठ टाकणारी गाडी येईपर्यंत.
सगळ्यांची आई-बाबा ओरडली माझ्यावर, उशीर झाला म्हणून.
"निघाले असते तर पोचलेही असते," ती म्हणाली.
"कदाचित."

मी तिला सांगितलं, आमच्याकडे वडीलधारी म्हणतात,
हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत.
तिने खिडकीतून बाहेर पाहिलं.
"हडर्सफील्डमध्ये? ऊन आहेच कुठे व्हायला!"
आरसा हलला इतकी हसली.
मी म्हटलं, हलू नका, पुडी सुटेल.

शेवटी टोनर. जांभळं, पातळ.
इथे मात्र खरंच घड्याळ लागतं:
बारा मिनिटं बरोबर, चौदा झाली की
बाई लव्हेंडरची बाग होऊन घरी जाते.
टेगनला म्हटलं, हे लिही. ठळक लिही.

चार वाजून दहा मिनिटांनी मॉरीन काउंटरपाशी उभी.
डोकं राखेचं नाही, चांदीचंही नाही.
शिळ्या दुधासारखं थोडं,
कानापाशी अजून एक पिवळा हट्ट, पुढच्या महिन्यासाठी.
पैसे मोजता मोजता, तीस वर्षांच्या सवयीने,
सगळी विचारतात तेच तिने विचारलं:
"किती दिवस टिकेल?"

बावीस वर्षांत याचं उत्तर
मी नेहमी डोळे चुकवत दिलंय.
या वेळी थेट बघून म्हटलं, "टिकेल."

जनीन स्क्रीनवरचे चार निळे चौकोन पुसत होती.
टेगनची वही अजून उघडी,
मॉरीनच्या नावापुढची जागा कोरी.