पूर्वीचं नाव

परळ. तळघर. रात्रीचे पावणेतीन.
सर्व्हरच्या खोलीत मी मे महिन्यातही स्वेटर घालतो.

वरून डॉक्टर सेठनांचा फोन :
"घरतबाईंचे जुने फोटो काढ. सकाळी सुई घालायचीय.
छातीतला डाग नवा की जुना, एवढंच सांग."

शुभांगी अनंत घरत, एकावन्न.
मागील तपासण्या : शून्य.
म्हणजे बाई आजच जन्मली.

वॉर्डात फोन लावला. झोपेतून उठून म्हणाली,
"लग्नाआधी मी कुमुद. कुमुद मयेकर.
इथंच आणलेलं बाबांनी, चिंचेवरून पडले तेव्हा."

कुमुद गणपत मयेकर : एकच फिल्म,
कुणीतरी नंतर स्कॅन करून चढवलेली, जरा तिरकी,
कोपऱ्यात ओल्या अंगठ्याचा ठसा.

दोन्ही खिडक्या शेजारी लावल्या.
गळपट्टीचं हाड एकीत मोडलेलं,
दुसरीत तिथंच सांधल्याची गाठ.
आणि डाग? मसुराएवढा. तेव्हाही. आताही.

"जुनाच आहे, सर."

मग स्क्रीननं विचारलं :
दोन रुग्ण एकत्र करायचे?
ही क्रिया मागे घेता येणार नाही.

ताटातल्या तांदळात अंगठीनं
नवं नाव लिहिलं, तेव्हा तिला
एवढंही कुणी विचारलं नसेल.

कर्सर लुकलुकत राहिला.
मी पुन्हा वॉर्डाचा नंबर फिरवला.